घरातली दुरुस्ती: कुठवर आपली, कुठून वायरमनची

गळका नळ, मंद फिरणारा पंखा, सैल झालेले सॉकेट किंवा कोमटच पाणी देणारा गीझर, असे काही निघाले की घरात पहिला प्रश्न ‘हे आपल्याला जमेल का’ हाच विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचा उपयोग थोडा. कारण दोन स्क्रू सोडवणे, दोन वायरी जोडणे आणि झाकण पुन्हा बसवणे हे बहुतेकांच्या हाताला जमते. त्याऐवजी असे विचारून पाहावे: हे काम माझ्या हातून चुकले, तर ती चूक मला कधी कळेल आणि कशी कळेल? काही चुका स्वतःहून बोलतात, त्याही लगेच. काही चुका मात्र महिनोन्‌महिने गप्प राहतात आणि वस्तू व्यवस्थित चालत असल्यामुळे आपले काम फत्ते झाले असेच वाटत राहते. स्वतःच्या मर्यादेची रेषा कामाच्या अवघडपणापेक्षा या फरकावर आखली, तर ती बरीच स्पष्ट दिसते.

नळाचे उदाहरण घेऊ. जुन्या पद्धतीच्या, फिरवून बंद करायच्या नळात स्पिंडलच्या (आत फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला रबरी वॉशर असतो आणि तो झिजला की नळ ठिबकतो. नवा वॉशर नीट बसला नाही, तर पाणी सुरू करताच थेंब पडतो; म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते आणि नुकसान काय, तर एक बादली पाणी. हे काम निःसंशय आपले आहे, मात्र एका अटीवर: पाणी कुठून बंद होते ते माहीत हवे आणि तो कॉक खरोखर फिरायला हवा. अनेक जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीचा कॉक वर्षानुवर्षे कोणी हातच लावला नसल्याने गंजून बसलेला असतो. तो पान्याने जोर लावून फिरवायला गेले की दांडा तुटतो आणि दहा रुपयांच्या वॉशरपायी सगळ्या मजल्यांचे पाणी जाते. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा. याउलट भिंतीच्या आत गाडलेल्या पाइपाचा सांधा जोडणे नळापेक्षा फार अवघड नसते. पण तो किंचित पाझरत राहिला, तर त्याची बातमी काही आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आल्यावर मिळते, तोवर टाइल्स बसून गेलेल्या असतात. हत्यारे जवळजवळ तीच, पण एक चूक बोलकी आणि दुसरी मुकी.

छताच्या पंख्यात हे दोन्ही प्रकार एकाच वस्तूत पाहायला मिळतात. नेहमीच्या पंख्याची मोटर एकाच फेजवर चालते आणि अशी मोटर केवळ वीज मिळाली म्हणून स्वतःहून फिरू लागत नाही. तिला सुरुवातीचा रेटा देण्यासाठी एक जादा वेटोळे असते आणि त्यातला प्रवाह थोडा पुढे-मागे सरकवण्याचे काम कॅपॅसिटर करतो. कॅपॅसिटर कमजोर झाला की पंखा मंदावतो आणि पार गेला की पाती जागची हलत नाहीत. बटण बंद करून पात्याला काठीने ढकलत असतानाच बटण चालू केले, तर मात्र तो फिरू लागतो. हे लक्षण दिसले तर दोष बहुधा तिथेच असतो. कॅपॅसिटरच्या अंगावर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असा मजकूर छापलेला असतो. तोच आकडा पाहून नवा आणावा, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बंद करून जुन्याच्या दोन वायरी जशा होत्या तशा नव्याला जोडाव्यात. चुकले तर पंखा फिरणार नाही किंवा उलटा फिरेल, आणि ते बटण दाबताच कळेल. कमी वीज घेणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यांत मात्र हा कॅपॅसिटर नसून इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्यामुळे हा उपाय त्यांना लागू नाही.

तोच पंखा रंगकामासाठी खाली उतरवून पुन्हा टांगणे हे दिसायला त्याहून सोपे काम आहे, पण त्याचा प्रकार वेगळा. पंख्याची दांडी वरच्या हुकाला ज्या बोल्टने अडकवतात, त्या बोल्टच्या टोकातून एक छोटी दुमडलेली स्प्लिट पिन घालायची असते. ती नसली तरी पंखा झोकात फिरतो. पण फिरताना होणाऱ्या सूक्ष्म थरथरीने नट दररोज किंचित सैल होतो आणि चार-पाच किलोची ती वस्तू किती दिवसांनी खाली येईल हे कोणी सांगू शकत नाही. पिन कशासाठी आहे हे ज्याला माहीत आहे त्याने पंखा जरूर टांगावा. काम संपल्यावर ‘ही बारीक तार कुठली उरली’ असा प्रश्न ज्याला पडला, त्याने मात्र बटण दाबायच्या आत पुन्हा स्टुलावर चढावे.

वायरिंगमध्ये मुक्या चुकांची संख्या सर्वांत मोठी आहे. आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा येतो तो फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) अशा दोन वायरींनी. शिवाय अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडलेली, तिसरी वायर असते. बटण नेहमी फेजच्या वाटेत असले पाहिजे. बोर्डवर काम करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली आणि बटण न्यूट्रलवर बसले, तरी दिवा लागतो, बटण बंद केले की विझतो, आणि सगळे अगदी बरोबर दिसते. प्रत्यक्षात दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते. पुढे कधी तरी कोणी ‘बटण बंद केले आहे’ या भरवशावर होल्डरमध्ये बोट घालतो तेव्हा ती चूक पहिल्यांदा बोलते. ओल्या अंगाचा विद्युतरोध १,००० ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. दहाएक मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हात सोडवता येत नाही आणि तिसाच्या पुढे, प्रवाह किती वेळ वाहिला यावर, श्वास आणि हृदयाची लय दोन्ही धोक्यात येतात. म्हणून बोर्ड उघडण्यापूर्वी खोलीचे बटण बंद करणे पुरेसे नाही, मेन स्विच बंद करावा. आणि टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटात लावून तो पेटतो का ते पाहावे, मगच कामाच्या जागी लावावा. बिघडलेला टेस्टर आणि वीज नसलेली वायर या दोन्हींचे दर्शन सारखेच असते.

इथे इंटरनेटवरील व्हिडिओंचा एक सापळा सांगायला हवा. आपल्याकडच्या घरगुती वायरिंगमध्ये रूढ पद्धतीनुसार लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. अमेरिकेत काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते, शिवाय दाबही १२० व्होल्टचा. उपकरणांच्या दोरीत तर तपकिरी वायर फेजची आणि निळी न्यूट्रलची, म्हणजे भिंतीतल्या निळ्याचा अर्थ एक आणि मिक्सरच्या दोरीतल्या निळ्याचा दुसरा. अमेरिकन व्हिडिओ पाहून पुण्यात बोर्ड उघडणारा आणि पुण्याच्या सवयीने न्यू जर्सीत बोर्ड उघडणारा असे दोघेही सारख्याच धोक्यात असतात. त्यातून जुन्या घरात मूळ वायरमनने हाताशी होता तो रंग वापरलेला असण्याची शक्यता धरली, तर रंगावर विसंबून काही जोडूच नये हे उत्तम.

विशेष म्हणजे ही रेषा कायद्यानेही आखून दिलेली आहे, आणि ती वाचली की कायदे करणाऱ्यांनी या प्रश्नाचा चांगला विचार केला होता असे मला वाटते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने काढलेल्या सुरक्षाविषयक नियमांत वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करून घ्यावे असे म्हटले आहे. पण त्यातून दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि घरगुती उपकरणे बदलण्याचे काम वगळलेले आहे. ही सूट एका अटीवर आहे: त्या बदलामुळे मूळ जोडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. साध्या भाषेत, होते त्याच जागी, त्याच मापाचे, तसेच नवे बसवा. त्यापलीकडे गेलात की काम तुमचे राहिले नाही.

या अटीचे मर्म एका रोजच्या उदाहरणाने कळते. स्वयंपाकघरातले ६ अँपिअरचे सॉकेट काढून त्या जागी ओव्हनसाठी १६ अँपिअरचे बसवणे हे बाहेरून नुसते सॉकेट बदलणे दिसते. पण मागची वायर दिव्यांसाठी ओढलेली, एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची असते आणि अशा मोठ्या भारासाठी अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची लागते. मग ओव्हन लावला की एमसीबी पडू लागतो आणि तो ‘सारखा पडतो’ म्हणून कोणी तरी मोठ्या आकड्याचा एमसीबी आणून बसवतो. एमसीबी हा ओव्हनसाठी नसून भिंतीतल्या वायरीसाठी असतो. वायर प्रमाणाबाहेर तापण्याआधी वीज तोडणे हे त्याचे काम. आकडा वाढवला की तो पडायचा थांबतो, घरातले खूश होतात आणि भिंतीच्या आत वायरीचे आवरण रोज थोडे थोडे भाजत राहते. सारखा पडणारा एमसीबी ही तक्रार नव्हे, ती सूचना आहे, आणि सूचना देणाऱ्याचे तोंड बंद करणे ही दुरुस्ती होत नाही.

सैल जोडणीची गोष्ट याहून फसवी आहे, कारण तिथे बरोबर मापाचा एमसीबीसुद्धा मदतीला येत नाही. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. समजा, सॉकेटच्या मागचा स्क्रू नीट आवळला गेला नाही आणि त्या सांध्यात अवघा अर्धा ओहम रोध राहिला. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तिथे जवळजवळ ३८ वॉट उष्णता निर्माण होते. डाख देण्याचे घरगुती सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॉटचे असते. म्हणजे प्लॅस्टिकच्या बंद डबीत त्याहून तापट असे एक सोल्डरिंग आयर्न रोज सकाळी चालू करून ठेवल्यासारखे झाले. प्रवाह वाढलेला नाही, उलट किंचित कमीच झालेला आहे, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. म्हणून मोठ्या भाराच्या सॉकेटला हात लावायचा असेल तर वायरीचे टोक स्वच्छ सोलणे, तिचे सगळे पीळ छिद्रात जाणे, स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहणे आणि गीझर चालू करून थोड्या वेळाने प्लग काढून त्याच्या पिना हाताला कितपत गरम लागतात ते तपासणे, एवढे सगळे करण्याची तयारी हवी. नुसती वायर पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय ज्याला आहे, त्याने मोबाइल चार्जरच्या पलीकडे जाऊ नये.

अर्थिंगबद्दल तर आपल्याकडे विलक्षण बेफिकिरी आहे. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन लांब ठेवलेली असते ती आत शिरताना सर्वांत आधी जुळावी आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. आणि लोक वरच्या छिद्रात काडी खुपसून खाली दोन पिना किंवा उघड्या वायरी घालतात. अर्थिंग तुटले तरी वॉशिंग मशीन धुते, फ्रिज गार करतो. आतल्या आत फेज पत्र्याला टेकेपर्यंत काही म्हणजे काही कळत नाही. या धोक्यावर आरसीसीबी हे उपकरण उपयोगी आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते आणि त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ३०० मिलिसेकंदांच्या आत पुरवठा तोडते. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्या माणसाला ते वाचवू शकत नाही, कारण तेव्हा जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखाच असतो. त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे आणखी एक दिवा. तेव्हा आरसीसीबी आहे म्हणून वीज चालू ठेवून काम करण्याचे धाडस कोणी करू नये.

साठवणीच्या गीझरमध्ये एक वेगळाच मासला आढळतो. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी एक सुरक्षा-झडप असते आणि पाणी तापत असताना तिच्यातून थेंब-थेंब गळते. अनेकांना हा बिघाड वाटतो. वास्तविक पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापले की सुमारे दोन टक्क्यांनी प्रसरण पावते. २५ लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी जवळजवळ अर्धा लिटर भरते आणि ते कुठे तरी गेलेच पाहिजे. त्या गळतीचा वैताग येऊन झडपेच्या तोंडाला बूच मारले की फरशी कोरडी राहते आणि काम झाल्याचे समाधानही मिळते. पुढे कधी थर्मोस्टॅट अडकला आणि त्यामागचा थर्मल कटआउटही निकामी असला, तर बंद टाकीतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापत जाते. टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. कोणताही भाग निरुपयोगी ठरवून बंद करण्याआधी तो तिथे का बसवला असेल याचे उत्तर आपल्यापाशी नसेल, तर ती आपली हद्द समजावी.

गॅसच्या बाबतीत लांबण लावण्याचे कारण नाही. नळी बदलणे, रेग्युलेटर नीट बसवणे आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणे इथवर घरच्या माणसाने करावे. सिलिंडरच्या झडपेत, रेग्युलेटरच्या आत किंवा शेगडीच्या कॉकच्या जोडणीत हात घालू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस ओट्याखाली, जमिनीलगत साचतो आणि खिडकीतून आपोआप निघून जात नाही. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीही न करता दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. बंदिस्त न्हाणीघरात गॅस गीझर स्वतः बसवणे हा तर प्रयोगाचा विषयच नव्हे. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास. मायक्रोवेव्हचेही तसेच. प्लग काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये २,००० व्होल्टच्या आसपासचा भार काही काळ टिकून राहू शकतो, त्यामुळे ‘प्लग काढला म्हणजे वीज गेली’ हा आपला सर्वसाधारण नियम तिथे लागू होत नाही. त्याचा आतला दिवा गेला असेल, तर अंधारात दूध तापवावे.

हे सगळे वाचताना ‘मला यातले ठाऊक आहे’ असे वाटणे आणि ते खरोखर ठाऊक असणे यांतले अंतर मोजण्याचा एक मार्ग आहे. येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना कपड्याची चेन, कुलूप, फ्लशची टाकी अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला कितपत कळते, याला स्वतःच गुण द्यायला सांगितले होते. त्यानंतर ती क्रिया पायरीपायरीने लिहायला लावली आणि पुन्हा गुण मागितले. लिहायला बसल्यावर लोकांचा स्वतःविषयीचा अंदाज खाली आला. वस्तू रोज वापरल्याने ती समजल्याचा भास होतो आणि दुरुस्तीच्या व्हिडिओने तो भास दुप्पट होतो, कारण त्यात गंजलेला स्क्रू, तुटलेली पट्टी आणि सापडत नसलेला नट हे सगळे कापून टाकलेले असते. म्हणून वस्तू उघडण्यापूर्वी कागद घेऊन तिच्यातला कोणता भाग काय करतो, आपण कोणता सोडवणार आहोत, तो चुकीचा बसला तर काय होईल आणि ते आपल्या लक्षात कशाने येईल हे चार-पाच वाक्यांत लिहून पाहावे. शेवटचे वाक्य लिहिता आले नाही, तर स्क्रू ड्रायव्हर परत डब्यात ठेवावा. पहिली तीन उत्तम जमली असली, तरीही.

मर्यादा कामाच्या मध्येही येते आणि तेव्हा थांबणे जास्त अवघड असते, कारण वस्तू उघडलेली असते आणि घरचे सगळे पाहत असतात. झाकण काढल्यावर आत अपेक्षेपेक्षा वेगळेच दिसले, स्क्रूची खाच झिजू लागली, वायरीचे आवरण हात लावताच भुगा होऊन गळू लागले, किंवा जिथे जोर लागायला नको तिथे तो लावावासा वाटू लागला, की समजावे, इथून पुढचे काम आपण ठरवले होते ते राहिलेले नाही. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढलेला असेल, तर आहे त्या स्थितीत परत जोडता येते किंवा निदान येणाऱ्या माणसाला दाखवता येते. रविवारी रात्री, दुकाने बंद झाल्यावर कोणतीही वस्तू उघडू नये हा नियम त्यातलाच.

अर्थात, वायरमनला बोलावले की जबाबदारी संपली असेही नाही. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे रीतसर दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि वायरिंग करणाऱ्यांसाठी शासनाचे परवानेही आहेत. पण हार्डवेअरच्या दुकानात ‘कोणी माणूस आहे का’ म्हणून विचारल्यावर येणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतातच असे नाही. परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. त्याला ‘अमुक बदलून द्या’ असे सांगण्याऐवजी काय होते, केव्हापासून होते आणि आपण स्वतः काय उघडून पाहिले हे सांगावे. यातले शेवटचे लोक हमखास लपवतात आणि दोष शोधायला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते. काम संपल्यावर तो जाण्याआधी आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का ते पाहावे, बटण बंद असताना होल्डरमध्ये टेस्टर लावून दाखवायला सांगावे, आणि कोणत्या एमसीबीवर घरातला कोणता भाग आहे व तिथली वायर किती मापाची आहे हे वितरण पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून घ्यावे.